विक्कातले देव आणि देवी: हे आपलं शिव-शक्तीच आहे का?

प्रश्न असा आहे: "ताई, विक्का पंथात एक देव आणि एक देवी मानतात असं वाचलं. म्हणजे आपलं शिव-शक्तीच ना? त्यात देवी मोठी की देव? आणि माझ्या जवळची एक व्यक्ती स्वतःला पुरुषही मानत नाही, स्त्रीही मानत नाही. तिला या पंथात जागा आहे का?"

आधी थोडक्यात सांगते. विक्का हा विसाव्या शतकात इंग्लंडात उजेडात आलेला, चंद्र आणि ऋतुचक्राला धरून चालणारा पंथ आहे, आणि मी तो मानते. शिव-शक्तीशी साम्य आहे, पण हे तेच नव्हे. परंपरेने पहिला मान देवीचा, पण देवावाचून आमचं वर्ष पुरं होत नाही. आणि तुमच्या जवळच्या व्यक्तीला जागा आहे. काही गटांत ती सहज मिळते, काही ठिकाणी लोकांना ती भांडून मिळवावी लागली.

आता सविस्तर. मी मूळची सातारा जिल्ह्यातली. लग्नानंतर इंग्लंडला आले, आणि यॉर्कशरमधल्या एका गार्डनेरियन (म्हणजे गेराल्ड गार्डनरच्या परंपरेतल्या) कोव्हनमध्ये, म्हणजे दहा-बारा जणांच्या उपासना-गटात, मला दीक्षा मिळाली त्याला आता १९ वर्षं झाली. गेली ८ वर्षं त्या गटाची हाय प्रीस्टेस, म्हणजे मुख्य पुजारीण, मी आहे. दीक्षेच्या वेळी काही गोष्टी बाहेर न बोलण्याची शपथ घ्यावी लागते. देवदेवींची आतली नावं आणि काही मंत्र त्यात येतात. तेवढं सोडून बाकीचं मोकळेपणाने सांगते.

पहिल्यांदा एका शब्दाबद्दल. इथे आमच्यातले बरेच जण स्वतःला अभिमानाने 'विच' म्हणवतात. त्याचं मराठी कृपा करून 'चेटकीण' करू नका. आपल्याकडे सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, त्यांना गावाबाहेर काढलं आहे, जीवही गेले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांचा खून झाल्यानंतर, २०१३ मध्ये, महाराष्ट्रात आला. मी त्या कायद्याच्या बाजूची आहे. आम्ही कुणाच्या अंगातलं भूत उतरवत नाही, करणी काढून देतो म्हणून पैसे घेत नाही. जो कुणी विक्काच्या नावाने असं करत असेल, त्याला माझ्याकडून कसलाही आधार नाही. म्हणून मराठीत मी 'विक्का मानणारे' एवढंच म्हणते.

विक्का किती जुना, हे माहीत असल्याशिवाय त्यातले देव-देवी कळत नाहीत. गेराल्ड गार्डनर (१८८४-१९६४) हा इंग्रज गृहस्थ सिलोन, बोर्निओ आणि मलायात चहा-रबराच्या मळ्यांवर आणि नंतर कस्टम्समध्ये नोकरी करून १९३६ मध्ये निवृत्त झाला. त्याच्या सांगण्याप्रमाणे सप्टेंबर १९३९ मध्ये दक्षिण इंग्लंडातल्या न्यू फॉरेस्ट भागात एका गटाने त्याला दीक्षा दिली. जादूटोण्याविषयीचा १७३५ चा इंग्रजी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, आणि १९५४ मध्ये गार्डनरने पुस्तक लिहून हा पंथ लोकांपुढे ठेवला. म्हणजे उजेडात आल्यापासून मोजलं तर साधारण ७० वर्षं.

गार्डनरला मात्र वाटत होतं की आपल्या हाती अश्मयुगापासून चालत आलेला धर्म लागला आहे. त्यामागे इजिप्तच्या अभ्यासक मार्गारेट मरे यांचा १९२१ मधला सिद्धान्त होता. युरोपात ज्यांच्यावर चेटकाचे खटले भरले गेले, ते सगळे एका जुन्या शिंगवाल्या देवाचे उपासक होते, असं त्यांचं म्हणणं. इतिहासकारांनी हा सिद्धान्त केव्हाच निकालात काढला. मारल्या गेलेल्यांचा ९० लाखांचा आकडाही आमच्यात बरीच वर्षं फिरत होता. अभ्यासकांचा अंदाज ४० ते ६० हजारांचा आहे, आणि ते बहुतेक साधे ख्रिस्ती शेतकरी-मजूर लोक होते, त्यांत बायकाच जास्त. रोनाल्ड हटन या इतिहासकाराने १९९९ मध्ये विक्काचा खरा जन्मवृत्तान्त तपशीलवार लिहिला. तो वाचल्यावर मला काही दिवस फसवल्यासारखं वाटलं होतं. मला दीक्षा देणाऱ्या बाई तेव्हा सत्तरीच्या होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, तुला चंद्र दिसला ना? मग तो किती साली दिसायला लागला याच्याशी तुला काय करायचंय?" तेव्हा मला ती पळवाट वाटली. आज वाटत नाही. तरीही नव्या माणसाला मी आधी खरा इतिहास सांगते, चंद्र मागाहून.

या इतिहासात एक गोष्ट फार मोलाची आहे. मरे यांच्या मांडणीत पुढे होता तो देव. देवी आली ती दुसऱ्या वाटांनी: एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कवींच्या चंद्र-धरित्रीच्या वेडातून, चार्ल्स लेलँड यांनी १८९९ मध्ये छापलेल्या, चंद्रदेवी डायना आणि तिची मुलगी अरादिया यांच्या इटलीतल्या कथांतून, आणि कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या त्रिरूप देवीच्या कल्पनेतून. ती आली आणि बघता बघता घराची मालकीण झाली. याचं मोठं श्रेय डोरीन व्हॅलिएंटी (१९२२-१९९९) या बाईंना. १९५३ मध्ये त्यांना गार्डनरकडून दीक्षा मिळाली. पंथाची हस्तलिखित पोथी त्यांनी नव्याने लिहून काढली आणि देवीच्या तोंडचं जे भाषण आम्ही आजही म्हणतो, त्याला आजचं रूप दिलं. त्या भाषणात देवी म्हणते ते माझ्या शब्दांत असं: महिन्यातून एकदा, आणि चंद्र पुरा भरलेला असेल तर उत्तमच, गुप्त जागी जमा आणि माझी आठवण करा, आणि जे तू शोधतेस ते तुला आत सापडलं नाही, तर बाहेर कधीच सापडणार नाही.

याच डोरीनबाईंचं आणि गार्डनरचं १९५७ मध्ये फाटलं. मतभेद प्रसिद्धीवरून सुरू झाले. मग गार्डनरने अचानक 'जुने नियम' म्हणून एक यादी पुढे केली. तीत एक कलम होतं की देवीचं रूप धारण करायला तारुण्य लागतं, म्हणून हाय प्रीस्टेसने वेळ आली की तरुण बाईसाठी आपण होऊन पायउतार व्हावं. हे वाचून डोरीनबाई आणि त्यांच्याबरोबरचे लोक बाहेर पडले. देवी मोठी की देव, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर देताना हा प्रसंग मला टाळता येत नाही. देवीला सिंहासनावर बसवलं म्हणून बाईला मान मिळतोच असं नाही. हे आपल्याला महाराष्ट्रात कुणी वेगळं सांगायला नको. नवरात्रात नऊ दिवस घट बसवणारी घरं मी पाहिली आहेत, आणि त्याच घरांत सुनेचं काय चालतं तेही पाहिलं आहे.

त्रिरूप देवीची कल्पना अशी: चंद्राची कोर म्हणजे कुमारी, पौर्णिमा म्हणजे माता, उतरता चंद्र म्हणजे वृद्धा. चित्र सुंदर आहे आणि पुष्कळांना त्यातूनच पहिल्यांदा देवी भेटते. पण बाईचं सगळं आयुष्य मूल होण्याच्या आधी, मूल होताना आणि मूल होणं संपल्यावर, एवढ्या तीन कप्प्यांत बसवणं मला कधीच पटलं नाही. मला मूल नाही. पहिली काही वर्षं पौर्णिमेच्या विधीत 'माते' म्हणून हाक आली की माझं मन तिथून उठून जायचं. मग एका रात्री लक्षात आलं, की चंद्र बाळंत होत नाही, तो भरतो. भरलेपण म्हणजे मातृत्वच असं कुठे ठरलंय? तेव्हापासून मी पौर्णिमेला 'भरलेली' म्हणते. आमच्या गटातल्या बऱ्याच जणी आता तेच म्हणतात.

पौर्णिमेचा मुख्य विधी म्हणजे चंद्र उतरवणं. वर्तुळ आखून झालं, पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल आणि उत्तरेला पृथ्वी अशी आवाहनं झाली, की हाय प्रीस्ट प्रीस्टेससमोर गुडघे टेकतो, तिच्या पायांपासून ओठांपर्यंत वंदन करतो आणि देवीला तिच्यात उतरण्याची विनंती करतो. मग ती बाई देवीच्या वतीने बोलते. तुम्हाला लगेच अंगात येणं आठवेल. साम्य आहेच, पण आमच्याकडे घुमणं नाही, नवस नाही, कौल नाही. बहुतेक वेळा माझ्या बाबतीत होतं ते एवढंच, की आवाज खाली उतरतो, घाई निघून जाते आणि नेहमीचेच शब्द मी पहिल्यांदा ऐकतेय असं वाटतं. काही पौर्णिमांना यातलं काहीच होत नाही. तेव्हा पाठ केलेलं नीट म्हणायचं आणि खाली बसायचं. नव्या प्रीस्टेसला मी हे आवर्जून सांगते, कारण न आलेली देवी आणल्याचं दाखवणं यासारखं वाईट काही नाही.

आता देवाबद्दल. याच्याविषयी फार कमी लिहिलं जातं, आणि मला त्याच्याबद्दलच जास्त बोलायचं आहे.

आमचा देव शिंगवाला आहे. हरणाची फाटे फुटलेली शिंगं, किंवा बोकडाची. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चखाली १७१० मध्ये खोदकामात पहिल्या शतकातला एक दगडी स्तंभ सापडला. त्यावर शिंगांत कडी अडकवलेला एक देव कोरला आहे आणि वर नाव आहे, केर्नुन्नोस. डेन्मार्कमध्ये १८९१ साली सापडलेल्या गुंडेस्ट्रुपच्या चांदीच्या भांड्यावरही असाच शिंगं असलेला, मांडी घालून बसलेला पुरुष आहे, भोवती जनावरं आहेत. मोहेंजोदडोची ती प्रसिद्ध मुद्रा आठवून आपल्या लोकांना लगेच 'हा तर पशुपती' म्हणावंसं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण दोन चित्रं सारखी दिसली म्हणून दोन देव एक होत नाहीत. आणि ख्रिस्ती सैतानाला शिंगं आहेत म्हणून आम्ही सैतान पूजतो हा आरोप तर निव्वळ अज्ञानाचा. सैतान हे पात्र ख्रिस्ती धर्मातलं आहे. आमच्याकडे त्याला जागाच नाही.

हा देव राजा नाही, न्यायाधीश नाही, आकाशातून हुकूम सोडणारा बाप नाही. तो शिकारी आहे आणि शिकारही तोच आहे. तो धान्य आहे. वर्षाच्या आठ सणांत त्याची गोष्ट फिरते. डिसेंबरच्या सर्वांत मोठ्या रात्री, यूलला, तो देवीच्या पोटी जन्मतो. इथे त्या दिवशी सूर्य सव्वाआठनंतर उगवतो आणि पावणेचारला मावळतो. तो काळोख एकदा अंगावर घेतल्याशिवाय या सणाचा अर्थ कळायचा नाही. १ मेच्या बेल्टेनला तो तरुण झालेला असतो आणि देवीशी त्याचं मीलन होतं. १ ऑगस्टच्या सणाला, इथे गव्हाची कापणी सुरू होते तेव्हा, तो कापला जातो. ऑक्टोबरच्या ३१ ला, साविनला, तो मृतांच्या जगाचा धनी असतो. आणि पुन्हा यूल.

म्हणजे तो देवीचा प्रियकरही आणि मुलगाही. हे ऐकून मराठी माणूस दचकतो, मीही दचकले होते. माणसांच्या नात्यांनी मोजायला गेलं तर हे विपरीतच वाटणार. पण शेतकऱ्याला विचारा. गेल्या वर्षीचं जे बी मातीत गेलं, तेच यंदा तिच्यातून वर आलं. ते तिचं कोण लागतं?

कापणीच्या सणाला आम्ही माणसाच्या आकाराचा पाव भाजतो. त्या दिवशी देवाची भूमिका करणारा पुरुष स्वतःच्या हाताने तो मोडतो आणि सगळ्यांना वाटतो, म्हणजे आपलाच देह तो वाटत असतो. आमच्यातला एक जण आयुष्यभर ट्रक चालवून निवृत्त झालेला, कमी बोलणारा. पहिल्यांदा त्याच्यावर ही पाळी आली तेव्हा पाव हातात घेऊन तो बराच वेळ तसाच उभा राहिला. नंतर म्हणाला, लहानपणापासून मला जे देव दाखवले ते जिंकणारे होते, संपून जाणारा देव मला आजवर कुणी दाखवला नव्हता. पुरुषांना विक्कातून काय मिळतं असं मला कुणी विचारलं की मला तो पाव हातात धरलेला माणूस आठवतो. पुरुषपणात हरणं, देऊन टाकणं, वेळ झाली की बाजूला होणं याला पवित्र मानणारी जागा फार थोडी असते.

देव आणि देवी यांच्यातलं नातं मला सर्वांत स्पष्ट दिसतं ते आमच्या एका कथेत. गार्डनरने ती १९५४ मध्येच छापली होती, म्हणून इथे सांगायला शपथेची आडकाठी नाही. देवीला सगळी रहस्यं कळायची असतात, मृत्यूचंसुद्धा. ती पाताळाच्या दारी जाते. द्वारपाल सांगतात, इथे काही घेऊन येता येत नाही. ती वस्त्रं उतरवते, दागिने उतरवते आणि बांधलेल्या अवस्थेत मृत्यूसमोर उभी राहते. मृत्यू तिचं रूप पाहून गुडघे टेकतो, तिच्या पायांचं चुंबन घेतो आणि म्हणतो, राहा माझ्याजवळ. ती म्हणते, माझं प्रेम नाही तुझ्यावर. मला जे जे प्रिय आहे ते तू का कोमेजवतोस, का मारतोस? तो सांगतो, वय आणि नियती यांच्यापुढे माझंही चालत नाही. माणसं मरतात तेव्हा मी त्यांना विसावा देतो, बळ देतो, म्हणजे ती परत जाऊ शकतील. तरी ती नाही म्हणते. मग ती मृत्यूचा चाबूक अंगावर घेते, आणि तेव्हा तिला प्रेमाची वेदना कळते. पुढे ती दोघं एक होतात. तो तिला आपली विद्या शिकवतो आणि पुनर्जन्माच्या चक्राचा हार देतो. आमच्या पाठात तीही त्याला आपल्या चषकाचं रहस्य शिकवते.

चाबकाच्या ओळीवर आमच्यात दर वेळी वाद होतो. बाईने मार खाऊन प्रेम शिकायचं, हे माझ्या गळ्याखाली उतरत नाही आणि मी ते शिष्यांपासून लपवतही नाही. काही गटांनी ती ओळ बदलली आहे. आम्ही ती ठेवली आहे, पण ती वाचल्यावर थांबून बोलतो. माझा आजचा अर्थ असा, की दुःखाने तिला मृत्यूची बाजू आतून कळली. तो अर्थ पुरेसा आहे असं माझं म्हणणं नाही. तरी या कथेत मला हलवून टाकणारी गोष्ट दुसरी आहे. आपल्याकडे यमाला प्रश्न विचारले नचिकेताने, आणि यमाकडून नवरा परत आणला सावित्रीने. ही देवी मात्र कुणाला सोडवायला जात नाही. तिला फक्त समजून घ्यायचं आहे. तिच्यापाशी जीवन आहे, पण मृत्यू नाही. त्याच्यापाशी मृत्यू आहे, पण जीवन नाही. दोघांनाही एकमेकांकडून शिकावं लागतं.

हेच चषक आणि अथामे यांच्या विधीत दिसतं. अथामे म्हणजे काळ्या मुठीचा दुधारी खंजीर. त्याने आम्ही कधी काही कापत नाही. एक जण वाइन भरलेला चषक धरतो, दुसरा त्यात अथामेचं टोक बुडवतो. परंपरेने चषक स्त्रीतत्त्व, अथामे पुरुषतत्त्व. मग ती वाइन आणि केक सगळे मिळून खातात-पितात. या विधीचं पूर्ण रूप म्हणजे प्रत्यक्ष समागम, असं जुन्या पोथीत आहे. जवळपास सर्व गट तो चषकानेच करतात. ज्यांनी कधी प्रत्यक्ष केला असेल, ते आधीपासूनचे जोडीदार असतात आणि एकांतात असतात. हे मी मुद्दाम लिहिते आहे. दीक्षेसाठी किंवा शक्ती मिळवण्यासाठी शरीरसंबंध लागतो असं कुणी सांगितलं, तर तो माणूस कितीही जुना गुरू असो, त्याच क्षणी उठून निघा आणि विश्वासातल्या कुणाला तरी सांगा. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला असा अनुभव आला होता. तिला सावरायला वर्षं लागली.

आता शिव-शक्ती. पहिला फरक: आपल्याकडे द्वैताच्या मागे अद्वैत उभं असतं. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवाच्या सुरुवातीलाच वंदन केलं आहे ते 'देवोदेवी'ला, जगाच्या जनकांना. पण तिथली ती दोघं मुळात वेगळी नाहीतच. आमच्याकडेही देव-देवींच्या पलीकडे एक मूळ तत्त्व आहे असं गार्डनरने लिहिलं आहे. आमच्या एका प्रसिद्ध आशीर्वचनात त्याला 'ड्रिह्टन' या जुन्या इंग्रजी नावाने हाक मारतात आणि त्याला स्त्रीही आणि पुरुषही म्हणतात. पण बहुतेक विक्का मानणारे त्या तत्त्वाकडे फारसे वळत नाहीत. आमचं मन भेटण्यात आणि ताटातुटीत रमतं.

दुसरा फरक: आम्हाला मोक्ष नको आहे. जन्म-मरणाच्या फेऱ्यातून सुटणं हे ध्येय नाही. जुनी विक्का प्रार्थना अशी, की पुन्हा जन्म मिळो, आपल्या प्रियजनांच्याच काळात आणि त्यांच्याच जवळपास मिळो, आणि भेटल्यावर ओळख पटो. देव-देवींचं मीलन त्या फेऱ्याला चालना देतं, म्हणून ते पवित्र.

तिसरा फरक: सांख्यांचा पुरुष नुसता पाहतो, प्रकृती काम करते. आमच्याकडे कोण करणारा आणि कोण घेणारा हे पक्कं नाही. चंद्र उतरवताना तो बोलावतो, ती स्वीकारते. पुढच्या क्षणाला ती देते आणि तो ऐकतो.

आणि साम्य म्हणाल तर मला ते अर्धनारीनटेश्वरापेक्षा पंढरपुरात जास्त दिसतं. विटेवर उभा तो पुरुष, आणि वारकरी त्याला विठाई म्हणतात, माउली म्हणतात. कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. देवाचं पुरुषपण किंवा बाईपण हे आपल्या त्याच्याशी असलेल्या नात्यात घडतं, हे माझ्या आजीला विक्काचं नाव न ऐकताही ठाऊक होतं.

यावरून तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. मूळ परंपरेत नियम कडक होते. पुरुषाला दीक्षा बाईने द्यायची, बाईला पुरुषाने. वर्तुळात शक्यतो स्त्री-पुरुष आलटून-पालटून उभे. पुरुषतत्त्व पुरुषाच्या अंगात आणि स्त्रीतत्त्व बाईच्या अंगात असतं असं धरून सगळी मांडणी केलेली. समलिंगी लोकांना तर सुरुवातीच्या गटांत स्वागत नव्हतंच. म्हणून लोकांनी आपापल्या वाटा काढल्या. १९७१ मध्ये झुझाना बुडापेस्ट यांनी लॉस एंजेलिसमध्ये फक्त बायकांचा, फक्त देवीचा गट काढला. १९७७ मध्ये एडी बुचिन्स्की यांनी न्यूयॉर्कमध्ये समलिंगी आणि उभयलैंगिक पुरुषांसाठी मिनोअन ब्रदरहुड सुरू केली. पुढे २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या संमेलनात बायकांच्या विधीतून ट्रान्स स्त्रियांना दाराशीच परत पाठवलं गेलं आणि जगभरच्या गटांत त्यावर कडाक्याची चर्चा झाली. अमेरिकी लेखिका स्टारहॉक यांनी १९७९ मधल्या आपल्या पुस्तकात स्त्री-पुरुष ध्रुवांच्या भाषेत पुष्कळ लिहिलं होतं. दहा वर्षांनी त्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत त्यांनी स्वतः नोंदवलं की आता मी शक्तीचं वर्णन असं करणार नाही. त्या प्रांजळपणाबद्दल मला त्यांचा फार आदर आहे.

माझीही एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे शिकायला आलेल्या एका तरुण व्यक्तीने विचारलं, मी कुठे उभं राहू? तेव्हा मी परंपरेचं उत्तर दिलं: तुझा देह पुरुषाचा आहे, तू देवाच्या बाजूला. ती व्यक्ती काही बोलली नाही आणि पुढच्या पौर्णिमेला आली नाही. नंतर मी पत्र लिहिलं, माफी मागितली. उत्तर आलं नाही, आणि ते योग्यच होतं. त्यानंतर आमच्या गटात सहा महिने चर्चा चालली. दोन जुने सभासद सोडून गेले. आता आमच्याकडे चषक कुणी धरायचा आणि अथामे कुणी, हे त्या रात्री ज्याला ज्याची ओढ असेल त्यावर ठरतं. विधीला दोन बाजू लागतात, देणारी आणि घेणारी, एकमेकांकडे तोंड करून उभ्या. त्या दोन बाजू कुठल्या देहांत असाव्यात हे देवीने आम्हाला सांगितल्याचं मला तरी आठवत नाही. सगळे गार्डनेरियन गट हे मानत नाहीत, म्हणून तुमच्या जवळच्या व्यक्तीने कुठल्याही गटात जाण्याआधी हाच प्रश्न सरळ विचारावा आणि उत्तर देणाऱ्याचा चेहरा पाहावा. एकट्याने उपासना करायची असेल तर कुणाच्या परवानगीची गरज नाही. आज विक्का मानणारे पुष्कळ लोक एकटेच असतात.

सुरुवात महाराष्ट्रातच करायची असेल तर आमचं वर्षचक्र जसंच्या तसं उचलू नका. ऑस्ट्रेलियातले लोक ते सहा महिन्यांनी फिरवून घेतात, कारण त्यांच्याकडे जूनमध्ये थंडी असते. तुमच्याकडे तर ऋतूंचा मांडच वेगळा. १ ऑगस्टला इथे देव कापला जातो तेव्हा मावळात भात चिखलात उभं असतं, वाढत असतं. तुमचा देव मृगाच्या पावसात मातीत जातो. ज्वारीच्या रानात तो साधारण माघ-फाल्गुनात कापला जातो. हे एकदा शेतावर जाऊन बघा, कापणीच्या दिवशी. आणि चंद्र तर तुमच्याकडे पंचांगातच आहे. येत्या पौर्णिमेला गच्चीवर जा, तांब्यात पाणी घ्या, त्यात चंद्र दिसेल असा धरा आणि थोडं थांबा. नावं लगेच ठेवू नका. आमच्या परंपरेत नावं दीक्षेनंतर मिळतात, आणि मला वाटतं ते बरोबर आहे.